पूर ओसरल्यावर परसबागेत लावलेली रोपं पुन्हा पुन्हा का मरतात, आणि शेजाऱ्यांनी कधी काय द्यावं

तक्रार दर पुरानंतर एकच येते. २००५ ला आली, २०१९ ला आली, २०२१ ला आली. पाणी उतरून दोन-तीन आठवडे झालेले असतात. वरचा गाळ खोऱ्यानं ओढून बाजूला केलेला असतो. ज्यांच्या घराला पाणी लागलं नाही असे शेजारी, पाहुणे प्रेमानं वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं आणून देतात. ती लावल्यावर आठ दिवस बरी दिसतात. मग खालची पानं पिवळी पडतात, दुपारी माना पडतात, पंधराव्या दिवशी वाफा मोकळा. पुन्हा रोपं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी घरातली माणसं म्हणतात, 'यंदा राहू दे.'

कृष्णा-पंचगंगेच्या काठची, म्हणजे सांगली, मिरज, शिरोळ, करवीर या पट्ट्यातली काळी-भारी माती आणि आश्लेषा-मघात येणारा पूर धरून हे लिहिलं आहे. चिपळूण-महाडकडं जमीन वेगळी आहे, तिथली तारीख-वेळ बदलेल, पण मूळ दुखणं तेच आहे.

रोपात खोट नसते. लावणाऱ्याच्या हातातही नसते. रोपं मरतात कारण जमिनीत हवा नसते, आणि रोपं येतात ती हवा परत येण्याच्या महिनाभर आधी. वरून जमीन सुकलेली दिसते, चालता येतं, म्हणून वाटतं की तयार आहे. एक वीत खाली ती अजून चिखल असते. म्हणजे मदत कमी पडत नाही, मदतीची वेळ चुकते. जमिनीला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही बेताची असलेली स्थिती, लागतो तसा मदतीलाही लागतो.

आधी स्वतःला जपा

पुराच्या पाण्यात गटार, जनावरांची घाण, मेलेली उंदरं-घुशी असं सगळं मिसळलेलं असतं. गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय गाळात उतरू नका. हातापायाला जखम असेल तर त्या आठवड्यात गाळाचं काम दुसऱ्यानं करावं. गाळात पत्रा, काच, खिळे असतातच, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते आधी बघा. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, मनानं घेऊ नका. काम केल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा आणि पुराच्या गाळात काम केलं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पालापाचोळ्याचे ढीग, पत्र्याचे तुकडे हातानं उचलू नका, आधी काठीनं हलवा. पाण्यानं बाहेर काढलेली घोणस, नाग तिथंच आसरा धरतात.

शेत सातबाऱ्यावर असेल तर काहीही हलवण्याआधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला व कृषी सहायकाला कळवा. गावठाणातल्या परसबागेला पीकपाहणीची नोंद नसते, तिथं मुख्य आधार एकमेकांचाच.

उभं असलेलं काय ठेवायचं, काय टाकायचं

इथं जीव तुटतो, पण पाण्याखाली गेलेली मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर, टोमॅटो, काकडी, मिरची टाकून द्या. धुऊन चालत नाही. पानाच्या सुरकुत्यांत आणि देठाच्या खाचेत गाळ राहतो. शिजवल्यानं जंतू मरतात, पण पाण्यात डिझेल, फवारणीची औषधं, कारखान्याचं पाणी मिसळलं असेल तर त्याला शिजवणं हा उपाय नाही. मुळा, गाजर, रताळी जमिनीत असली तरी टाका. मांडवावर पाण्याच्या रेषेच्या वर राहिलेला दोडका किंवा शेवग्याची उंच शेंग खायला हरकत नाही. पाण्याची रेषा भिंतीवर दिसते, तिथून मोजा.

झाड वाचलं आणि पाणी गेल्यावर नवं फूल येऊन फळ धरलं, तर ते फळ शिजवून खाता येतं. कच्चं खायच्या भाज्यांचा हिशेब वेगळा आहे, तो पुढं दिला आहे.

पहिलं दुखणं: गाळाचा थर

गाळ सुपीक असतो, 'नदीनं खत आणून टाकलं' असं म्हणतात. शेतात, नांगर चालतो तिथं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. परसबागेत तसाच राहिलेला गाळ आधी नुकसान करतो. त्याचे कण पिठासारखे बारीक. थर सुकला की पापुद्रा धरतो, खालच्या मातीचं तोंड बंद होतं. वरचा बारीक थर पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या भरड मातीत उतरत नाही, त्यामुळं प्रत्येक पावसानंतर मुळांच्या जागी पाणी अडकून राहतं.

थर मोजल्याशिवाय काही ठरवू नका. बागेत पाच ठिकाणी खुरप्यानं उभा काप घ्या, जुन्या मातीचा रंग लागेपर्यंत. इंचभर थर असेल तर उचलू नका, वाफसा आल्यावर शेणखताबरोबर मिसळून टाका. एक ते तीन इंच असेल तर भाजीच्या वाफ्यांवरचा जमेल तेवढा काढा, वाटांवरचा राहू द्या. तीन इंचांच्या वर असेल तर काढायलाच हवा. तो मिसळायचा म्हटलं तर निदान दुप्पट खोल खणावं लागेल, आणि ओल्या काळ्या मातीत तेवढं खणणं म्हणजे विटा पाडणं.

कधी काढायचा? पाण्यासारखा पातळ असताना नाही, फावड्यातून निसटतो. पार वाळल्यावरही नाही, तेव्हा तो मातीला चिकटून दगड होतो. भेगा पडून कडा वर उचलायला लागल्या की भाकरीसारखे पोपडे निघतात, तीच वेळ. उघडीप असेल तर हे चार ते सात दिवसांत होतं आणि संधी दोन-तीन दिवसच टिकते. हात लागतात ते इथं.

किती हात, याचा हिशेब मांडून बघा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्यावर दोन इंच गाळ म्हणजे पाच घनमीटर, पावणेदोन ब्रास. एका घमेल्यात दहा लिटर धरले तर पाचशे घमेली. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला हे दोन-तीन दिवसांत शक्यच नाही. सहा जण असतील तर माणशी ऐंशी-पंचाऐंशी घमेली, सकाळी सातला सुरू केलं तर दुपारच्या जेवणापर्यंत आटोपतं. म्हणून पहिल्या आठवड्यात रोपं नेऊ नका, घमेलं घेऊन जा. आपल्याकडं पैरा आहे, इर्जिक आहे, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीनं जाणं. भांगलणीला, मळणीला चालतो तोच पैरा इथं धरा: पाच-सहा घरं, आज एकाकडं, उद्या दुसऱ्याकडं, जेवण ज्याच्या घरी काम नाही त्याच्याकडं. ज्याचं घरही पाण्यात गेलं आहे त्याच्यावर स्वयंपाकाचा भार टाकू नका.

पैऱ्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावू नका, उतार बघून लावा. पाणी काढायचे चर सगळ्यात खालच्या परड्यापासून, म्हणजे परसापासून, वर खणत जायचे. वरच्यानं आधी चर काढला तर त्याचं पाणी खालच्याच्या बागेत साठतं आणि तिथून भांडण सुरू होतं. गाळ काढायचा मात्र वरच्या परड्यापासून, कारण त्याला वाफसा आधी येतो. चर फूटभर खोल, टिकावाच्या पात्याएवढा रुंद पुरे, पण तळाला सलग उतार हवा. दहा फुटाला दीड-दोन इंच उतार मिळाला तरी पाणी चालतं. मधेच खड्डा राहिला की तिथं डास होतात.

गाळात चालताना वाफ्यावर पाय पडू देऊ नका. सहा इंच रुंद फळ्या टाका आणि त्यांच्यावरूनच ये-जा करा. ओल्या काळ्या मातीवर माणसाचं एक पाऊल पडलं की त्याखालची हवेची छिद्रं दबतात, ती परत मोकळी व्हायला पूर्ण हंगाम जातो. मदतीला आलेल्या दहा माणसांनी वाफे तुडवून टाकल्याची उदाहरणं गाळानं बाग गेल्यापेक्षा कमी नाहीत.

काढलेला गाळ गटारात ढकलू नका, झाडाच्या बुंध्याशी रचू नका. बागेच्या खालच्या कडेला बांधासारखा लावा. काचा-प्लॅस्टिक वेचून पुढच्या वर्षी थोडा थोडा खतात मुरवता येतो. पुराबरोबर आलेलं केंदाळही (जलपर्णी) वेगळं टाका. नाल्याच्या पाण्यातलं केंदाळ जड धातू शोषतं, ते भाजीच्या खतात घेऊ नये.

दुसरं दुखणं: वरून सुकी, खालून कोंडलेली

नव्वद टक्के रोपं याच कारणानं मरतात असं आमचं मत आहे, आणि नेमकं हेच सगळ्यात कमी तपासलं जातं.

पाण्याखालच्या मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. ते मातीतल्या नत्राचा वायू करून उडवून लावतात, आणि मुळांना घातक असे गंधकाचे वायू तयार करतात. म्हणून पुरानंतरची माती कुजक्या अंड्यासारखी वास मारते. लांब मुदतीच्या पुरात आणखी एक नुकसान होतं, ते डोळ्याला दिसत नाही. मुळांना स्फुरद (फॉस्फरस) आणून देणारी मायकोरायझा बुरशी जिवंत मुळांवाचून कमी होते. मग खत घालूनही पानं जांभळट राहतात, रोप खुरटतं.

तीन चाचण्या करा. पैसे लागत नाहीत.

लाडू: चार इंच खालची आणि फूटभर खालची अशी दोन्ही ठिकाणची मूठभर माती घ्या. लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर वाफसा आला. पडून थापीसारखा चपटा झाला तर थांबा. वरची पास, खालची नापास असं फार वेळा होतं, आणि रोपं मरतात ती अशाच वाफ्यात.

खड्डा: फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. आधी वास आणि रंग बघा. राखाडी-निळसर माती, वास येतोय म्हणजे हवा नाही. मग खड्डा पाण्यानं भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून मोजा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर ठीक. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर सपाट वाफ्यात काहीच लावू नका.

दहा दाणे: ही आमची आवडती चाचणी आहे, कारण ती मातीऐवजी मुळाला विचारते. प्रत्येक वाफ्यात चवळीचे किंवा मक्याचे दहा दाणे टोचा. दहा दिवसांनी पाच रोपं खुरप्यानं अलगद उपटा. मुळं पांढरी आणि सरळ चार इंचांच्या खाली गेली असतील तर वाफा तयार. टोकं तपकिरी असतील तर अजून हवा नाही. मुळं आडवी वळली असतील तर तिथं दबलेला थर आहे. दहा दाणे मेले तर काही बिघडत नाही. शेजारणीनं दीड महिना वाढवलेली मिरचीची रोपं मेली तर बिघडतं.

उपायांचा क्रम असा. वाफसा येण्याआधी खणू नका, उलटू नका. नुसती पहार घ्या आणि वाफ्यात फूट-फूट अंतरावर फूट-सव्वा फूट खोल भोकं पाडा. त्यांत भरड, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा नारळाच्या शेंड्यांचे तुकडे भरा. हवा खाली जायला ही वाट पुरते. वाळू मिसळू नका. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की हवा वाढत नाही, उलट सुकल्यावर माती आणखी घट्ट होते.

वरच्या चार इंचांना वाफसा आला की निम्म्या बागेत ताग पेरा, चौरस मीटरला ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला पाचशे ते सहाशे ग्रॅम बी. तागाचं सोटमूळ कोंडलेली माती फोडतं, हवेतलं नत्र गाठींत धरतं आणि मायकोरायझाला जिवंत मूळ देतं. फुलावर यायच्या आत, ४० ते ४५ दिवसांत, कापून मातीत गाडा आणि कुजायला दहा-बारा दिवस द्या. तागाचं बी न मिळाल्यास ढेंचा चालतो, तो पाणी जास्त सोसतो. चवळीही चालते. पालक, राजगिरा, मोहरी, कोबी ही पिकं मायकोरायझाशी जोडली जात नाहीत. म्हणून ती अशा जमिनीत बरी येतात, पण त्यांच्या जोरावर जमीन सुधारली असं समजू नका. त्यांच्यामागून लावलेली मिरची पुन्हा जांभळी पडते.

उरलेल्या निम्म्या बागेत गादीवाफे करा: मीटरभर रुंद, नऊ इंच ते फूटभर उंच, मधे दीड फुटाची वाट. माती वाटेतली घ्या, म्हणजे वाटच चर होते. वाफ्यावर दोन बोटं शेणखत.

तिसरं दुखणं: रोपाकडं बघून रोग ओळखणं

माती ओली आणि तरी दुपारी रोप मान टाकतंय, तर पाणी देऊ नका. हातून सवयीनं पाणी घातलं जातं आणि तिथंच रोप संपतं. एक रोप मुळासकट उपटा.

मुळाची साल चिमटीत ओढली की मोज्यासारखी निघून आत दोरा राहतो, तर मूळकूज. पाणी तोडा, वाफ्याची कड फोडून निचरा करा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम घेऊन बुंध्याशी आळवणी करा, रोपाला पाव लिटर. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर तांब्याच्या औषधानंतर आठ-दहा दिवस सोडा. दोन्ही एकदम दिली तर ट्रायकोडर्माही बुरशीच असल्यानं मरते आणि पैसे वाया जातात. ट्रायकोडर्मा आधीच वापरणं जास्त चांगलं: एक किलो पावडर ५० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर करा, सावलीत गोणपाट झाकून आठ-दहा दिवस ठेवा, लागणीआधी चौरस मीटरला अर्धा किलो टाका.

पानं हिरवीच, पण सगळं रोप दोन-तीन दिवसांत एकदम सुकलं, तर बुंध्याजवळचं खोड कापून तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरू लागला तर जिवाणूजन्य मर. याला औषध नाही. रोप मातीसकट काढून जाळा. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको. तिथं मका, कांदा, भेंडी घ्या. आणि शेजाऱ्यांना लगेच सांगा. लपवलं तर त्याच खुरप्यानं आणि त्याच पाटाच्या पाण्यानं ती मर पुढच्या परड्यात जाते. यात कमीपणा काही नाही, ती पुरानं आणलेली असू शकते.

खोड उभं चिरलं आणि आत तपकिरी रेघ दिसली, पानं एका बाजूनं पिवळी पडत गेली, तर ती बुरशीची मर. तिथंही पीक बदलणं हाच उपाय.

मुळं पांढरी आहेत, पण खालची पानं सारखी पिवळी होतायत, तर नत्र उडालं आहे. लिटरला १० ग्रॅम युरिया, सकाळी फवारणी, आठ दिवसांनी पुन्हा. मुळं दुबळी असताना पानातून दिलेलं लवकर लागू पडतं. फूटभर खालचा वाफसा आल्यावर चौरस मीटरला ४ ते ५ ग्रॅम युरिया मातीत द्या, म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्याआधी मातीत दिलेला युरिया त्याच वाटेनं हवेत उडून जातो. पानं जांभळी असतील तर पुढच्या लागणीच्या वेळी चौरस मीटरला ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, मुळाच्या जवळ पण मुळाला न टेकता.

जमीन सुकताना पांढरी साय आली तर ते क्षार. शिरोळ-मिरजेकडं हे आधीपासूनच आहे, पूर ते वर आणतो. चर मोकळे ठेवून पावसाचं पाणी आरपार जाऊ द्या. जिप्सम ऐकीव माहितीवर टाकू नका. जमीन चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) असेल तरच तो कामाचा, आणि ते माती परीक्षणातच कळतं. नमुना २० सेंटीमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराच्या खड्ड्याच्या कडेचा, बागेतल्या सात-आठ ठिकाणचा मिसळून अर्धा किलो. गॅरेज, पेट्रोल पंप, कारखाना जवळ असेल आणि गाळाला तेलाचा वास किंवा तवंग असेल तर नेहमीच्या परीक्षणात ते दिसत नाही. तिथं वरचा थर काढा आणि हे वर्ष झेंडू लावा, भाजी नको.

गोगलगायी पुरानंतर ठरलेल्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यात टाकू नका.

फळझाडांचं थोडक्यात: बुंध्याभोवतीचा तीन फुटांतला गाळ जुन्या पातळीपर्यंत उकरा. लिंबाला दोन फूट उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र. पपई दोन दिवस पाण्यात उभी राहिली असेल तर तिची आशा धरू नका. शेवगा आणि कढीपत्ता निम्मे वाचतात. केळ आणि अळू बहुधा तगतात.

रोपं द्यायची ती कशी आणि कधी

ज्यांच्या बागेला पाणी लागलं नाही त्यांनी पूर उतरला त्याच आठवड्यात रोपं द्यायची नाहीत, बी कधी टाकायचं ते ठरवायचं. लागणीची तारीख धरून मागं मोजा. पाणी १५ ऑगस्टच्या सुमारास उतरलं तर गादीवाफे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तयार होतात, हस्ताचा मोठा पाऊस तोवर बहुतेक होऊन जातो. मिरचीच्या रोपाला ४० ते ४५ दिवस लागतात, तिचं बी ऑगस्ट संपता संपता. वांग्याला ३० ते ३५, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. टोमॅटो, कोबी, फ्लॉवरला २५ ते ३० दिवस, १० सप्टेंबरच्या पुढं. तागाच्या निम्म्या बागेसाठी हेच सगळं पंधरा दिवस उशिरा, दुसऱ्या खेपेला. एकाच खेपेत सगळी रोपं देऊ नका. पहिली खेप गेली तर हातात काही उरत नाही आणि माणूस तिथं खचतो.

रोपं प्रो-ट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) कोकोपीटवरच करा. घरच्या मातीत वाढवलेल्या रोपाबरोबर सूत्रकृमी आणि मर पोचते, आणि आधीच दुबळ्या जमिनीत ती झपाट्यानं पसरते. ९८ कप्प्यांच्या एका ट्रेमधून ७५ ते ८० चांगली रोपं मिळतात. चार-पाच माणसांच्या घराला १२ टोमॅटो, ८ वांगी, १५ मिरच्या पुरतात, म्हणजे दोन-तीन ट्रेमध्ये दोन घरं सहज भागतात. देण्याआधी चार-पाच दिवस पाणी कमी करा, ट्रे उन्हात ठेवा. लागण संध्याकाळी. प्रत्येक ट्रेला जात आणि बी टाकल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावा. मुळं ट्रेच्या भोकातून बाहेर आलेली, पिवळी, उंच गेलेली रोपं देऊ नका. 'नाहीतरी फेकायचीच होती' अशी रोपं बाग गेलेल्या माणसाच्या हातात देणं बरं नव्हे.

ताजं शेण देऊ नका, कुजलेलं द्या. गांडूळखताचा हौद बुडाला असेल तर त्यातलं सगळं वाफ्याबाहेर पसरून नव्यानं सुरुवात करायला किलोभर गांडुळं द्या, ही मोठी मदत आहे. रताळ्याचे वेल, गवती चहाचे ठोंब, अळूचे कंद, शेवग्याची हात-दीड हात लांब आणि मनगटाएवढी जाड फांदी ही फुकटातली देणगी, पण तीही दहा दाण्यांची चाचणी पास झाल्यावर. जाताना 'पुन्हा लावलंत का?' असं विचारू नका. 'वाफसा आला का?' असं विचारा, आणि नसेल आला तर पहार घेऊन जा.

खायला कधी सुरुवात करायची

पाणी उतरल्या दिवसापासून काढणीपर्यंतचे दिवस मोजा. जी भाजी कच्ची खातो आणि जिला माती लागते, म्हणजे कोथिंबीर, कांदापात, मुळा, गाजर, जमिनीवरची काकडी, तिला १२० दिवस. कच्ची खातो पण मातीपासून उंच, म्हणजे काठीला बांधलेला टोमॅटो, मांडवावरची काकडी, तिला ९० दिवस. कच्च्या शेणखताला सेंद्रिय शेतीत हीच मुदत लावतात. १५ ऑगस्टला पाणी उतरलं असेल तर ९० दिवस १३ नोव्हेंबरला भरतात, १२० दिवस १३ डिसेंबरला. म्हणून आधी शिजवायच्या, मांडवावरच्या भाज्या घ्या: चवळी, घेवडा, आणि दोडका, ज्याचं मूळ ओल बरीच सोसतं. कोथिंबीर नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरली की काढणी आपोआप मुदतीबाहेर जाते.

ज्या विहिरीचं पाणी बागेला देता ती बुडाली असेल तर आधी उपसा, मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या. स्वच्छ वाफ्यावर घाण पाणी दिलं की दिवस पुन्हा शून्यापासून मोजावे लागतात.

बियाणं

रोप पुन्हा मिळतं. कृष्णाकाठच्या वांग्याचं घरात वर्षानुवर्षं धरलेलं बी गेलं तर बाजारात तेच मिळेल याची खात्री नाही. भिजलेल्या बाटलीतलं बी लगेच ताटात पसरून सावलीत पंख्याखाली वाळवा, मग २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. टोमॅटो, चवळी आठ दिवसांत, वांगी-मिरची चौदा दिवसांत मोजा. निम्म्याच्या वर उगवलं तर दुप्पट दाट पेरून चालवा. दहा-बारा टक्केच उगवलं तरी फेकू नका. ट्रेमध्ये टाका, जी दोन-चार रोपं येतील ती फक्त बियासाठी वाढवा आणि शेजारच्या बागेत लावा, स्वतःच्या आजारी जमिनीत नको.

पुढच्या खेपेसाठी प्रत्येक घरच्या बियाचे तीन वाटे करा: एक स्वतःकडं, एक त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर, एक नदीपासून लांबच्या गावात पाहुण्यांकडं. काचेच्या बाटलीत, तळाला राखेची पुरचुंडी, झाकणाला मेण, चिठ्ठीवर जात आणि वर्ष. कांद्याचं बी वर्षभरच टिकतं, मिरची-भेंडी दोन वर्षं, टोमॅटो, वांगी, भोपळावर्गीय तीन-चार वर्षं. त्या हिशेबानं वाटे दर दसऱ्याला बदला.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची ४० आणि ४५. पाणी इशारा पातळीला लागलं की तीन गोष्टी वर हलवा: बियाणं, खुरपी-पहार-घमेली, आणि फवारणीच्या औषधांच्या बाटल्या. बाटल्या सगळ्यात आधी. एक फुटलेली बाटली पाण्याबरोबर गल्लीतल्या सगळ्या परड्यांत फिरते, आणि त्यावर वर सांगितलेला एकही उपाय लागू पडत नाही.